एक विहीर, दोन सन: पाचवीच्या वर्गाचा एक प्रकल्प

सातारा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पाचवीत २४ मुले. वर्गात एक स्मार्ट टीव्ही, कपाटात एक जुना टॅबलेट आणि वर्गशिक्षकांच्या खिशातला त्यांचा स्वतःचा मोबाइल, एवढीच साधने. वायफाय नाही. नेट हवे तर मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि तोही व्हरांड्याच्या एका टोकालाच नीट लागतो. शाळा नमुन्यादाखल घेतली आहे; अशा शाळा हव्या तितक्या सापडतील. विहीर मात्र खरी आहे. साताऱ्याहून पुण्याच्या दिशेला सुमारे १६ किलोमीटरवर लिंब गाव आहे, तिथली बारा मोटेची विहीर. (मोट म्हणजे बैलांकडून विहिरीतले पाणी वर ओढायची चामड्याची मोठी पिशवी.)

परिसर अभ्यासाचा प्रकल्प म्हटले की काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मूल घरी सांगते, घरचे कोणी तरी मोबाइलवर शोधते, नेट कॅफेतून दोन रंगीत पाने छापून येतात, ती प्रकल्पवहीत चिकटतात, खाली जेलपेनने मजकूर उतरवला जातो. आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात गुण पडतात. या सगळ्यात तंत्रज्ञान भरपूर वापरले गेलेले असते, शोध मात्र कुणीच घेतलेला नसतो. विहिरीचे प्रकरण इथे उपयोगी पडते, कारण तिच्याबाबत नेटवर एक ठसठशीत चूक फिरते आहे आणि ती चूक पाचवीच्या मुलांना स्वतः पकडता येते.

विषय "लिंबची विहीर" असा मोघम ठेवला तर मुले नेटवरचे पान जसेच्या तसे उतरवतात. म्हणून चारच प्रश्न द्यायचे: विहीर कधी बांधली? तिला बारा मोटेची का म्हणतात? ती किती मोठी आहे? ती नेमकी कुठे आहे, आणि तिथेच का? सहा-सहा मुलांचे चार गट, एका गटाला एक प्रश्न. चार आठवड्यांत अकरा तासिका आणि एक भेट. त्यातल्या पहिल्या दोनच तासिका नेटवर शोधण्याच्या, उरलेल्या पडताळणीच्या. हे प्रमाण उलटे झाले की प्रकल्प पुन्हा चिकटवहीत जातो.

पहिल्या तासिकेला शिक्षक टीव्हीवर सगळ्यांसमोर "बारा मोटेची विहीर लिंब" असे मराठीत टाकून शोधतात. पहिली दहा पाने उघडायची आणि प्रत्येकातून फक्त बांधकामाचा सन फळ्यावर लिहायचा. काही पानांवर येते इ.स. १७१९ ते १७२४. काहींवर येते इ.स. १६४१ ते १६४६. फळ्यावर दोन रकाने पडतात आणि वर्गात गडबड सुरू होते. शिक्षकांनी इथे उत्तर सांगायचे नाही. बहुमत घ्यायची हौस मुलांना येतेच: "सर, सहा जणांनी १६४१ लिहिलंय." तेव्हा एक छोटी कृती करून दाखवावी. १६४१ लिहिणाऱ्या एका पानातले जरा वेगळे वाटणारे एक वाक्य उचलायचे, ते अवतरणचिन्हांत टाकून पुन्हा शोधायचे. तेच वाक्य, त्याच स्वल्पविरामासकट, इतर पानांवर सापडले की मुलांना आपोआप कळते की हे सहा साक्षीदार नाहीत. एकाची वही पाच जणांनी उतरवली आहे. वहीचे उदाहरण त्यांना चांगलेच समजते.

चूक कशी झाली हे शोधायला नेट लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिच्यावर शके आणि इसवी सन दोन्ही छापलेले असतात. २०२५ च्या गुढीपाडव्याला शके १९४७ सुरू झाले. वजाबाकी केली की ७८ येतात. १६४१ अधिक ७८ म्हणजे १७१९, आणि १६४६ अधिक ७८ म्हणजे १७२४. दोन्ही रकाने एकाच गोष्टीचे निघतात: मूळ आकडे शकाचे, कुणी तरी त्यांच्यापुढे "इ.स." लावले आणि पुढच्यांनी ते तसेच उचलले. एक बारकावा मुलांना सांगायलाच हवा. शक बदलतो पाडव्याला, १ जानेवारीला नाही; म्हणून जानेवारी ते पाडवा या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. जुन्या लेखात महिना दिला नसेल तर एका वर्षाचा फरक राहू शकतो आणि तो तसा लिहून ठेवायचा.

मुलांचा स्वतःचा पुरावा याहून गोड असतो. शिवरायांचा जन्म १६३० चा, हे चौथीत पाठ झालेले आहे. मग १६४१ मध्ये शिवराय अकरा वर्षांचे. विहीर बांधली वीरूबाईंनी, आणि वीरूबाई शाहू महाराजांच्या परिवारातल्या. शाहू महाराज म्हणजे संभाजीराजांचे पुत्र, शिवरायांचे नातू, जन्म १६८२. आजोबाच अकरा वर्षांचे असताना नातवाच्या घरच्यांनी विहीर कशी बांधली? हे पक्के बसावे म्हणून चार मीटर दोरी वर्गाच्या भिंतीवर ताणायची. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष, शून्यावर १६३०. अकरा सेंटिमीटरवर १६४१ ची लाल चिठ्ठी, ५२ वर शाहूंचा जन्म, ७७ वर त्यांची मोगलांकडून सुटका (१७०७), ८९ ते ९४ या पाच सेंटिमीटरांत विहीर, ११९ वर शाहूंचे निधन (१७४९), आणि मुलांचा स्वतःचा जन्म दोरीच्या पार दुसऱ्या टोकाला. टीव्हीवर कालरेषा काढणारी तयार साधने आहेत, पण त्यांत दोन सनांमधले अंतर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आक्रसते. दोरी आक्रसत नाही.

शाहूंच्या नावाशी आणखी एक खड्डा आहे. "शाहू महाराज फोटो" असे शोधले की कोल्हापूरचे राजर्षी शाहू समोर येतात. ते १८७४ ते १९२२ मधले. साताऱ्याच्या शाहूंच्या निधनानंतर सव्वाशे वर्षांनी जन्मलेले. त्यांचे छायाचित्र विहिरीच्या प्रकल्पात चिकटलेले पाहायला मिळाले तर नवल नाही. मुलांना एकच प्रश्न विचारावा: १७४९ साली कॅमेरा होता का? यापुढे फोटो दिसला की मुले आधी सन विचारतात. कॅमेरा १८३९ च्या सुमारास जगात आला, एवढे सांगून ठेवले की पुरे.

शिलालेख विहिरीवरच आहे आणि वीरूबाईंचे नाव त्यात आहे, त्यामुळे भेटीच्या दिवशी त्याचा फोटो हा पहिल्या गटाचा मुख्य पुरावा. इथे बहुतेक फोटो वाया जातात, कारण दुपारी समोरून काढलेल्या फोटोत कोरीव अक्षरे सपाट दिसतात. सकाळी तिरपे ऊन असताना काढावा. सावलीत असेल तर एकाने टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी आणि दुसऱ्याने समोरून फोटो घ्यावा. अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि लेख उठून दिसतो. टॉर्च डावीकडून, उजवीकडून आणि वरून, असे तीन फोटो. मोबाइलचा फ्लॅश बंद. अक्षरांत खडू, चुना, कुंकू, तेल काहीही भरायचे नाही. त्याने दगड खराब होतो आणि पुढच्या माणसाला वाचता येत नाही. फोटोवरून मजकूर वाचणारी मोबाइलमधली सोय छापील देवनागरीवर चांगली चालते, झिजलेल्या दगडावर ती काहीही ठोकून देते. जुन्या कोरीव अंकांत १ आणि ९ चा गोंधळ तर माणसांचाही होतो. म्हणून अंक आधी मुलांनी डोळ्यांनी वाचायचे, प्रत्येकाने स्वतंत्र, मग ताडून पाहायचे. लेखात संवत्सराचे नाव वाचता आले तर ताळा घालायला आणखी एक वाट मिळते: साठ संवत्सरांचे चक्र असते, शके १९४१ (२०१९ चा पाडवा) हे विकारी संवत्सर होते आणि १६४१ त्याच्या बरोबर ३०० वर्षे, म्हणजे पाच चक्रे आधी. तेही विकारीच.

दुसऱ्या गटाचा प्रश्न मोटेचा. या मुलांनी मोट पाहिलेली नाही. ती चामड्याची असे, हे ऐकूनच काहींची नाके मुरडतात. मोट, तिला ओढणारा जाड नाडा, तिची सोंड धरणारा बारीक सोंदूर, बैल उतारावरून जातात ती धाव, पाणी पडते ते थारोळे, तिथून रानात जाणारा पाट: एवढे शब्द गोळा झाले की अर्धे काम झाले. व्हिडिओ सापडतात, पण व्हिडिओत बैल का मागे येतो ते कळत नाही. ते सांगायला गावातले पंचाहत्तरीच्या पुढचे माणूस लागते. गटाने मोबाइलवर आवाज टिपायचा. फोन माणसापासून वीतभर अंतरावर, हातात न धरता पाटावर किंवा वहीवर ठेवलेला, विमानमोड चालू, पंखा बंद. सुरुवातीला तारीख, गाव आणि "आबा, हे रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" हा प्रश्न त्यांच्या होकारासकट टिपलेला असावा. दहा मिनिटांपुढे जायचे नाही. मुलांना ते ऐकून लिहायचे आहे, आणि दहा मिनिटांचे बोलणे लिहायला पाचवीच्या मुलांना दोन तासिका पुरत नाहीत.

बोलून टाइप करण्याची सोय इथे हमखास दगा देते. ती प्रमाण मराठीवर घडलेली असते; "मोट" ची "मोठ" किंवा "मोठी" होते, "सोंदूर" चे तर काय होईल सांगता येत नाही. म्हणून तिचा वापर कच्च्या खर्ड्यापुरता, आणि विहिरीचे सगळे शब्द मुलांनी कानाने ऐकून हाताने दुरुस्त करायचे. उलट या चुकांची एक यादी करून ठेवली तर भाषेच्या तासाला फार मजेची निघते.

वृद्धांना सन विचारून उपयोग नसतो. "तुमची मोट कोणत्या साली बंद झाली?" याला "लई वर्सं झाली" हेच उत्तर येणार. साताऱ्यात एक खूण सगळ्या जुन्या माणसांच्या डोक्यात पक्की आहे: ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. दुसरी १९७२ चा दुष्काळ. "आबा, मोट भूकंपाच्या आधी थांबली का नंतर? दुष्काळात विहिरीवर काय होतं, मोट का इंजन?" असे विचारले की सन आपोआप दोन खुणांच्या मध्ये सापडतो. दोरीवर भूकंप ३३७ सेंटिमीटरवर येतो.

आता "बारा". नेटवर बहुतेक ठिकाणी असे सांगितले आहे की विहिरीवर मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत, पण एका वेळी बाराच चालत, म्हणून हे नाव. हे मुलांनी काठावर मोजूनच पाहावे. प्रत्येक जागेचा फोटो क्रमाने, एकाच दिशेने फिरत, आणि चित्रवहीत विहिरीच्या आकृतीवर आकडा. दोन मुलांची मोजणी वेगळी आली तर भांडण न मिटवता दोन्ही आकडे लिहायचे आणि कोणत्या जागेवरून वाद आहे त्याचा फोटो जोडायचा. एका वेळी बाराच चालत हे मात्र दगडावर दिसणार नाही. ते "सांगतात" या रकान्यात राहील.

भेटीबद्दल थोडे, कारण विहीर ही विहीर आहे. पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांची परवानगी, आणि २४ मुलांमागे किमान चार मोठी माणसे, त्यांत एक गावातले. मुलांच्या हातात काठाजवळ मोबाइल द्यायचा नाही. फोटो मोठ्यांनी काढायचे, कुठून काढायचा ते मुलांनी सांगायचे. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा भेट डिसेंबर-जानेवारीतली बरी. जुन्या बांधकामात आग्या मोहोळ असू शकते, म्हणून आदल्या दिवशी कुणी तरी पाहून यावे.

तिसऱ्या गटाला पुस्तकी आकडा असा मिळतो: व्यास ५० फूट, खोली ११० फूट, म्हणजे सुमारे १५ आणि साडेतेहतीस मीटर. मोबाइलमधले मोजपट्टीचे ॲप येथे चालत नाही. ते कॅमेऱ्यातून पृष्ठभाग ओळखून मोजते, आणि एवढ्या अंतरावर, हलत्या पाण्यावर, एकसारख्या काळ्या दगडावर त्याचा अंदाज कोलमडतो. पण ५० फुटांचा आकडा काठावर न वाकता तपासता येतो. मुख्य विहीर अष्टकोनी आहे. समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर ५० फूट असेल तर एक बाजू सुमारे २०.७ फूट भरते. आणि ५० फूट हे समोरासमोरच्या कोनांमधले अंतर असेल तर बाजू सुमारे १९.१ फूट. म्हणजे कठड्याच्या सुरक्षित बाजूने टेप धरून एक बाजू मोजली आणि ती १९ ते २१ फुटांच्या मध्ये आली, तर छापलेला आकडा विश्वासाचा. भागाकार शिक्षकांनी कॅल्क्युलेटरवर करून द्यावा. मुलांनी कागदावर ५ सेंटिमीटर रुंदीचा अष्टकोन काढून त्याची बाजू पट्टीने मोजली की २ सेंटिमीटरच्या किंचित पुढे येते, तेवढे पटायला पुरेसे आहे. आठही बाजू सारख्या आहेत का, हे कमीत कमी तीन बाजू मोजल्याशिवाय म्हणू नये.

खोलीचा आकडा पूर्ण तपासता येणार नाही आणि तो तपासायचा हट्टही धरू नये. पायऱ्या मोजायच्या, दर दहावी पायरी टेपने मोजून सरासरी उंची काढायची आणि गुणाकार करायचा. एवढ्याने उत्तर मिळते ते पाण्यापर्यंतच्या उतरणीचे. पाण्याखाली किती, ते कळत नाही. वहीत "पाण्यापर्यंत इतके फूट, एकूण ११० फूट असे सांगतात" असे दोन तुकड्यांत लिहिलेले वाक्य हे या गटाचे सगळ्यात चांगले वाक्य ठरेल.

चौथ्या गटाच्या हातात नकाशा, आणि सगळ्यात जास्त तांत्रिक घोळ इथेच होतात. फोटोवर स्थान छापणारी कॅमेरा ॲप सोयीची आहेत, पण ॲप उघडल्याबरोबर फोटो काढला तर फोनला माहीत असलेले आधीचे ठिकाण छापले जाते. विहिरीच्या फोटोवर शाळेचा पत्ता येतो. मोकळ्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट थांबावे. विहिरीत खाली उतरून घेतलेले स्थान भरवशाचे नाही, कारण तिथून आकाशाचा तुकडाच दिसतो. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की त्याच्या पोटातली स्थानाची नोंद गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. चार दिवसांनी हे लक्षात आले तर सगळे फोटो पुन्हा मागवावे लागतात.

अक्षांश-रेखांश लिहिताना दोन चुका ठरलेल्या. पहिली अदलाबदलीची. लिंब सुमारे १७ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व असे आहे. ७४ आधी आणि १७ नंतर टाकले की पिन नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात पडते. ही चूक मुद्दाम टीव्हीवर करून दाखवावी, वर्ग हसतो आणि विसरत नाही. दुसरी चूक चोरटी आहे. एका ॲपने १७ अंश ४६ मिनिटे दाखवले आणि मुलाने ते १७.४६ असे लिहिले. अंशाची मिनिटे ६० असतात. ४६ मिनिटे म्हणजे ०.७६७ अंश. १७.४६ लिहिले की विहीर सुमारे ३४ किलोमीटर दक्षिणेला, कराडच्या वाटेवर जाऊन बसते. पिन समुद्रात पडली नाही, साताऱ्याच्याच जिल्ह्यात आहे, म्हणून कुणाला शंका येत नाही. दशांशानंतर किती अंक लिहायचे? चार अंक म्हणजे साधारण ११ मीटर, विहीर १५ मीटर रुंद, म्हणून चार पुरतात. तीनच लिहिले तर शंभर मीटरांपर्यंतची चूक खपून जाते.

उपग्रहचित्रासाठी गूगल अर्थ किंवा इस्रोचे भुवन. हॉटस्पॉटवर २४ मुलांसमोर ते उघडत बसू नये. आदल्या दिवशी तीन चित्रे साठवून ठेवावीत: एक विहिरीचे, एक गाव आणि कृष्णा नदी दिसेल असे, एक सातारा ते वाई पट्ट्याचे. पडद्याचे चित्र घेताना खालची प्रमाणरेषा चित्रात आलीच पाहिजे. कारण ए-४ कागदावर "पानाला बसवा" करून छापले की १:५००० सारखे अंकांतले प्रमाण खोटे पडते, प्रमाणरेषा मात्र चित्राबरोबरच लहान-मोठी होते आणि खरी राहते. छापलेल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून मुलांनी नदी, गाव, रस्ता आणि विहीर काढायची, दिशा आणि सूची घालायची. भारताचा नकाशा लागला तर तो पाठ्यपुस्तकातला किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाचाच घ्यावा; परदेशी संकेतस्थळांवर सीमा वेगळ्या दाखवलेल्या असतात.

नदी एवढी जवळ असताना विहीर का खणली, हा प्रश्न मूल विचारतेच. नदीकाठ आणि शेताची पातळी यांतला फरक उपग्रहचित्रावर दिसत नाही. गूगल अर्थवर दोन्ही ठिकाणची उंची पाहून वजाबाकी करावी लागते. जोडीला पावसाचा तक्ता: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, आणि पावसाचे बहुतेक दिवस सगळीकडे चार-पाच महिन्यांतच. ही विहीर आमराई भिजवायला होती असे सांगतात. आंब्याच्या रोपांना पाणी लागते ते उन्हाळ्यात.

चॅटबॉटचे काय? बऱ्याच सेवांची वयाची अट तेराची आहे, तेव्हा पाचवीच्या मुलांनी तो वापरायचा नाही. शिक्षकांनी एकदा त्याला विहिरीचा सन विचारावा, आलेले उत्तर छापून गटांना द्यावे आणि लाल पेनने तपासायला लावावे. तोही याच पानांवर पोसलेला असतो, १६४१ आला तर मुलांना गुण द्यायला मजा, १७१९ आला तर "तुला कसे कळले?" हा प्रश्न उरतोच.

सगळ्या गटांचा मजकूर एका तक्त्यात येतो, चार रकान्यांचा: काय म्हटले आहे, कोणी म्हटले, त्यांना कसे कळले, आम्ही काय तपासले. एक ओळ अशी दिसते:

"विहीर इ.स. १६४१ ला बांधली / नेटवरची पाने / एकमेकांकडून उतरवले / शिलालेखाचे आकडे शकाचे. ७८ मिळवले, १७१९ आले. शाहूंचा जन्म १६८२, म्हणून १६४१ शक्य नाही."

गुण या तक्त्याला जास्त, सजावटीला कमी. वीसपैकी बारा तक्त्याला, पाच नकाशा व मोजमापाला, तीन मांडणीला, असे ठेवले तर घरच्यांनी रंगवलेली वही आपोआप मागे पडते. वीरूबाईंचे शाहूंशी नाते नेमके काय, यावर पाने वेगवेगळे सांगतात. पाचवीच्या वर्गाने ते सोडवायची गरज नाही, "परिवारातल्या" एवढे पुरे.

शेवटच्या तासिकेत शिक्षकांनी नकाशाच्या ॲपवर आणि विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशावर चुकीचा सन दिसला तर दुरुस्ती सुचवावी, शिलालेखाच्या फोटोसह, मुलांची नावे न देता. दुरुस्ती स्वीकारली जायला दिवस लागतात, कधी ती परतही फिरवली जाते. फोटो, आवाज आणि तक्ता एका फोल्डरमध्ये वर्ष आणि प्रश्न लिहून पेनड्राइव्हवर ठेवायचे, दुसरी प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात, कारण शिक्षकांचा मोबाइल बदलतो आणि बदलीही होते. पुढच्या वर्षीचा वर्ग आपल्या गावातली, शिलालेख नसलेली विहीर घेईल. तिच्यासाठी सातबाऱ्यावरची नोंद आणि आबांचा भूकंप एवढाच आधार असेल.